उमी-आ-लिलोआ: आईकडून हलका, तरी सगळ्यांचा मूळपुरुष?

कातळवाट

हवाईत लिपी आली ती 1820 साली मिशनरी उतरल्यावर. त्याआधीचं जे काही आपल्यापर्यंत पोचलंय ते पाठांतरातून, आणि त्या पाठांतराचा कणा म्हणजे वंशावळ. अमक्याला तमकीपासून अमका झाला, त्याला तमकीपासून तमका, असं पिढ्यान्‌पिढ्या म्हणत जायचं. जमीन कोणाची, मान कोणाचा, कोणी कोणासमोर जमिनीवर पालथं पडायचं, सगळं त्यावर ठरायचं. त्यामुळे तिथला एखादा जुना राजा समजून घ्यायचा तर लढाया नंतर, आधी सोयरीक बघायची.

सध्या माझ्या डोक्यात घर करून बसलाय तो उमी. हवाई नावाच्या सगळ्यात मोठ्या बेटाचा राजा, साधारण पंधराव्या शतकाची अखेर ते सोळाव्याची सुरुवात. बाप लिलोआ, आजा किहा. राजधानी वाइपिओच्या खोऱ्यात. लिलोआची पट्टराणी पिनेआ ही नात्याने त्याची मावशी, आईची धाकटी बहीण. तिच्यापासून झालेला मुलगा हाकाउ. आई-बाप दोन्हीकडून उंच कुळाचा, गादीचा सरळ वारस.

उमीची गोष्ट वेगळी. लिलोआ हामाकुआ भागात एका देवस्थानाची प्रतिष्ठापना करायला गेला होता. ते आटोपून परतताना एका ओढ्यावर त्याला अकाही-आ-कुलेआना दिसली. हिला दरबारी मान नव्हता. तिला दिवस गेले तसं त्याने सांगून ठेवलं: मुलगा झाला तर नाव उमी ठेव, मुलगी झाली तर तुमच्याकडचं नाव ठेव. आणि खूण म्हणून आपला लंगोट, गळ्यातलं देवमाशाच्या दाताचं पदक आणि हातातलं दांडकं तिच्याकडे देऊन गेला.

मुलगा वाढला तो आईच्या नवऱ्याच्या घरी, आणि त्याचाच मुलगा म्हणून. घरातलं खाणं पोरांना वाटून टाकतो म्हणून तो माणूस उमीला बडवायचा. एकदा मार जास्त झाला तेव्हा अकाहीने तोंड उघडलं: तू मारतोयस तो तुझा मुलगा नाही, तुझा राजा आहे. पुरावा मागितल्यावर तिने त्या तीन वस्तू पुढे ठेवल्या.

मग उमी वाइपिओला निघाला. आईने बजावलं होतं की दरवाजाने जायचं नाही, कुंपण चढून आत शिरायचं आणि थेट राजाच्या मांडीवर जाऊन बसायचं. हे दोन्ही मरणाचे गुन्हे. पहारेकरी मागे धावले, पण पोरगं मांडीवर बसलं. लिलोआने मांड्या फाकवल्या, पोरगं खाली पडलं आणि अंगावरचा लंगोट आणि पदक दिसलं. "कोणाचा तू?" "तुमचाच. उमी-आ-लिलोआ." राजाने त्याला जवळ घेतलं आणि नाळ कापण्याचा विधी नव्याने करायला ढोल वाजवायला लावले. इतक्या मोठ्या मुलाचा! ढोल ऐकून हाकाउने चौकशी केली आणि त्याला कळलं की आपल्याला भाऊ आलाय.

मरताना लिलोआने जमीन आणि राज्य हाकाउला दिलं. उमीला दिला तो देव: युद्धाचा देव कुकाइलिमोकु आणि देवळांची व्यवस्था. गादी एकाकडे, देव्हारा दुसऱ्याकडे. पुढे हाकाउ मारला गेला आणि उमी राजा झाला. नंतरच्या तीनशे वर्षांत हवाई बेटावरचा जवळजवळ प्रत्येक बडा सरदार आपला वंश उमीपर्यंत नेऊन पोचवतो.

मला चर्चा करायची आहे ती यावर. जिथे आईचं कुळ बापाच्या कुळाइतकंच मोजतात, तिथे आईकडून हलका असलेला मुलगा सगळ्यांचा मूळपुरुष कसा झाला? माझं मत असं की त्याने राज्य तलवारीने, म्हणजे तिकडे दगडाने म्हणू, मिळवलं. पण वंश मात्र लग्नांनी बांधला.

शेवंती

वा! पण लंगोट देऊन टाकल्यावर राजेसाहेब परत कसे गेले?

कातळवाट

@शेवंती, हा तपशील नोंदवलेला आहे! 'ती' नावाच्या झाडाची पानं कमरेला गुंडाळून. बरोबरच्या माणसांना वाटलं राजाला वेड लागलं.

बखरवाली

गोष्ट छान रंगवलीत. पण अशा गोष्टी कोण जपतं? जिंकलेले. हाकाउ दुष्ट होता, म्हाताऱ्या पुजाऱ्यांना त्याने उपाशी हाकललं, दुसऱ्याच्या अंगावरचा सुंदर भाग दिसला की कापायला लावायचा, हे सगळं आपल्याला उमीच्या नातवंडांनी सांगितलंय. हाकाउचा भाट उरला असता तर त्याने काय म्हटलं असतं? "एक परका पोरगा कुंपण चढून आला, बापाने मोहाने देव त्याच्या हवाली केला आणि त्याने भावाला दग्याने मारलं." घटना त्याच.

दुसरं म्हणजे अकाहीला तुम्ही "दरबारी मान नव्हता" म्हणालात. तिची वंशावळ उपलब्ध आहे की. तीही कानिपाहू राजापर्यंत जाते. कानिपाहू हा लिलोआचासुद्धा पूर्वज. म्हणजे दोघं लांबचे भाऊबंदच. आता मला सांगा, ही वंशावळ उमी राजा होण्याआधी कोणाला पाठ होती?

कातळवाट

@बखरवाली, तुमची शंका रास्त आहे, पण मी ती वंशावळ बनावट म्हणायला कचरतो. कारण ती सोयीची असती तर आणखी उंच केली असती. तसं झालेलं नाही. ती शाखा कानिपाहूच्या मुलांपैकी कालाहुइमोकुपासून निघते आणि गादीवर बसलेली शाखा त्याचा सावत्र भाऊ कालापाना याच्यापासून. म्हणजे तिला धाकटी पाती म्हणून दाखवलंय, पिढ्यान्‌पिढ्या घसरत गेलेली. बनवणाऱ्याने हात आखडता का घेतला असता?

कानिपाहूबद्दल सांगायचं राहिलं. कामाइओले नावाच्या एका बंडखोराने त्याला हाकललं तेव्हा तो मोलोकाइ बेटावर जाऊन साध्या माणसासारखा राहिला. ओझी वाहून वाहून त्याच्या खांद्यावर घट्टा पडला. पुढे लोक परत न्यायला आले तेव्हा त्याने नकार दिला: या खांद्याने मी गादीवर बसणार नाही, माझ्या मुलाला घेऊन जा. तोच कालापाना. ज्या समाजात राजाचं अंग हीच सत्ता, तिथे खांद्यावरचा घट्टासुद्धा अपात्रता ठरतो. मग हामाकुआत राबणाऱ्या शाखेची मुलगी कुळाने राजघराण्यातली असूनही मानाने हलकी असणं मला तरी पटतं.

बखरवाली

घट्ट्याचा मुद्दा मान्य. "बनावट" शब्द मी वापरला नव्हता, "कोणाला पाठ होती" एवढंच विचारलं. वंशावळ खरी असू शकते आणि तरी गरज पडेपर्यंत कोणी ती म्हणत नसेल.

चिंतोपंत

सगळं ठीक आहे, पण मावशीशी लग्न? आणि मी असंही वाचलंय की खुद्द उमीने सावत्र बहिणीशी लग्न केलं. आपण या गोष्टी "संस्कृती वेगळी" म्हणून किती काळ सोडून द्यायच्या?

मौजे_बुद्रुक

पंत, सोडून द्यायचं नाही, हिशेब समजून घ्यायचा.

त्यांच्याकडे अलिइ म्हणजे सरदारवर्ग. त्यात पायऱ्या होत्या. मुलाचा दर्जा आई आणि बाप दोघांच्या दर्जातून निघायचा. दोघंही सर्वोच्च असतील तरच मूल सर्वोच्च, आणि सर्वोच्च दर्जाची माणसं मोजकी. त्यामुळे जितकं जवळच्या नात्यात लग्न तितका दर्जा टिकणार. सख्ख्या बहीण-भावाचं मूल सगळ्यात वर, त्याला पिओ म्हणायचे. सावत्र बहीण-भावाचं त्याखालोखाल. वरच्या पायरीवरच्या मुलासमोर बाकीच्यांनी पालथं पडायचं, त्याच्या खालच्यासमोर नुसतं बसायचं. चुकलं की मृत्यू. हा नियम फक्त अलिइंसाठी. सामान्य माणसाने असं करायचं नव्हतं आणि करतही नव्हता.

आता उमीकडे या. आईकडून कमी पडणाऱ्या राजाने आपल्या मुलांचा दर्जा वाढवायचा कसा? बायको अशी करायची की जिचा दर्जा मोठा आणि जिच्यातून बापाचंच रक्त परत येईल. कापुकिनी ही लिलोआचीच मुलगी, पण तिची आई हाउआ ही माउई बेटाच्या सरदारघराण्यातली. म्हणजे नवऱ्यात जे नव्हतं ते बायकोकडे होतं. हाकाउ मेल्यावर उमीच्या पुजाऱ्यानेच, काओलेइओकूने, हे लग्न सुचवलं असं परंपरा सांगते. केलिइओकालोआ, कापुलानी आणि केआवेनुइ ही त्यांची मुलं. पुढचे राजे याच कुशीतले.

म्हणजे प्रेमाबिमाचा प्रश्नच नाही. हे राज्यशास्त्र आहे.

कातळवाट

+1 @मौजे_बुद्रुक. आणि याच कारणासाठी दुसरं लग्न परराज्यात: माउईचा राजा पिइलानी याची मुलगी पिइकेआ. हिची आई लाइएलोहेलोहे ओआहू बेटावर वाढलेली. एका लग्नात माउई आणि ओआहू दोन्हीकडचे सोयरे. या सोयरिकीची किंमतही मोजावी लागली. पिइलानी मेल्यावर त्याच्या मुलांत भांडण पेटलं. धाकटा किहा-आ-पिइलानी पळून बहिणीकडे, म्हणजे उमीच्या दरबारी आला. पिइकेआने नवऱ्याच्या मागे लकडा लावला आणि उमीने होड्यांचा ताफा काढून माउई गाठलं. हानाजवळच्या काउइकी टेकडीवरचा किल्ला घ्यायला घाम फुटला. शेवटी उमीचा जुना सवंगडी पिइमाइवाआ रात्री वर चढला तर समोर राक्षसाएवढा पहारेकरी उभा. नीट बघतो तर लाकडाचा पुतळा! शत्रूला घाबरवायला रात्री उभा करून ठेवायचे. मेहुण्याला गादीवर बसवून उमी परतला.

शेवंती

लाइएलोहेलोहेची आई म्हणजे केलेआ ना? तिची गोष्ट कोणी सांगितली नाही अजून! माउईच्या राजाची बहीण, लाटांवर फळी घेऊन खेळण्यात तिच्या तोडीचं कोणी नाही. ओआहूचा सरदार लो-लाले याच्यासाठी बायको शोधत कालामाकुआ होडी घेऊन आला आणि हिला पळवून नेलं. लो-लाले राहायचा बेटाच्या आतल्या भागात, समुद्र लांब. काही वर्षं, मुलंबाळं झाल्यावर ही म्हणाली, मला इथे करमत नाही, मी निघते. त्याने जाऊ दिलं. किनाऱ्यावर येऊन पुन्हा फळीवर चढली, आणि मग लग्न केलं ते कालामाकुआशी! त्यांची मुलगी लाइएलोहेलोहे. ती परत माउईला दिली, मामेभावाला.

म्हणजे उमीच्या पिइकेआची आजी ही बाई. माझ्या मते सगळ्या धाग्यात हीच भारी आहे.

गणिती_काका

तारखांचं काय? "पंधराव्या शतकाची अखेर" कुठून आणलीत? शिलालेख नाही, नाणं नाही.

कातळवाट

काका, पिढ्या मोजून. उमीपासून कामेहामेहापर्यंतची, म्हणजे पुढे सगळी बेटं जिंकणाऱ्या राजापर्यंतची, एक सरळ ओळ अशी: उमी, केआवेनुइ, कानालोआकुआआना, केआकेआलानिकाने, केआकामाहाना, केआकेआलानिवाहिने, केआवे, केएआउमोकु, केओउआ, कामेहामेहा. म्हणजे उमीनंतर नऊ पिढ्या. कामेहामेहाचा जन्म बहुतेक जण 1758 च्या आसपास धरतात, हॅलेच्या धूमकेतूच्या वेळी. एकोणिसाव्या शतकात या वंशावळी जमवणारे अब्राहम फॉर्नांडर पिढीला 30 वर्षं मोजायचे.

गणिती_काका

9 गुणिले 30 म्हणजे 270. उमीचा जन्म 1488. पण राजघराण्यात पहिलं मूल लवकर होतं. 25 धरलं तर 1533, आणि 20 धरलं तर थेट 1578. नव्वद वर्षांचा फरक. एका पिढीला किती वर्षं यावर उमी कोलंबसाचा समकालीन की अकबराचा, हे ठरणार. तेव्हा "साधारण" हा शब्द ठळक अक्षरात टाका.

आणि त्या यादीत बायका किती आहेत?

मौजे_बुद्रुक

काका, केआकामाहाना आणि केआकेआलानिवाहिने या दोघी मायलेकी. नुसत्या राजमाता नाहीत, स्वतः राज्य केलेल्या. केआकेआलानिवाहिनेच्या वाड्याचे चौथरे आणि देवळांचे अवशेष कोना किनाऱ्यावर होलुआलोआला आहेत. त्याआधी काइकिलानी. ती केआवेनुइच्या दोन मुलांची बायको, थोरला कानालोआकुआआना आणि धाकटा लोनोइकामाकाहिकी. तिचंही नाव राज्यकर्त्यांत घेतात.

"आईकडून हलका" हे शीर्षक आपल्याला साधं वाटतं, पण तिथे आई ही अर्धी वंशावळ होती. काही वेळा अर्ध्याहून जास्त, कारण आई कोण यात शंका नसते.

होनोलुलूकर

बऱ्याच दिवसांनी इथे लिहितोय. नोकरीनिमित्त ओआहूवर राहतो, वाइपिओ पाहिलंय ते वरच्या कठड्यावरून. खाली उतरणारा रस्ता इतका उभा आहे की गाडीचे ब्रेक जळल्याचा वास वरपर्यंत येतो. 2022 पासून पर्यटकांना आपले आपण खाली सोडत नाहीत. वरून दिसतं ते असं: दोन्ही बाजूंना सरळ तुटलेले कडे, मध्ये सपाट हिरवा तळ, त्यात अळूची चौकोनी खाचरं, वाइलोआ नदी आणि तोंडाशी काळ्या वाळूची पट्टी. उमीने पोहून ओलांडली ती हीच नदी.

एक गोष्ट मात्र इथे होनोलुलूत रोज दिसते. न्यायालयाच्या जुन्या इमारतीसमोर कामेहामेहाचा पुतळा आहे. त्याच्या अंगावर पिसांचा झगा आहे, आणि खांद्यावरून खाली आलेला जो पट्टा आहे तो लिलोआच्या पट्ट्यावरून घेतलेला. मूळ पट्टा बिशप संग्रहालयाच्या ताब्यात आहे. लाल आणि पिवळ्या पिसांचा, आणि टोकाशी ओळीने बसवलेले दात. माशांचे, आणि माणसांचेसुद्धा. दाढा नीट ओळखू येतात. परंपरा सांगते की तो लिलोआकडून उमीकडे आला. त्यामुळे पट्टा अंगावर घेणं म्हणजे वंशावळ अंगावर घेणं. शिल्पकाराला हे कोणी तरी नक्की सांगितलं असणार.

शेवंती

अळूवरून आठवलं. हवाईच्या पुराणात अळू हा माणसाचा थोरला भाऊ आहे! वाकेआ आणि होओहोकुकालानी यांचं पहिलं मूल मृत जन्मलं, त्याला घराशेजारी पुरलं, तिथून अळू उगवला. दुसरं मूल जगलं ते माणूस. दोघांचं नाव हालोआ. थोरल्याने धाकट्याला पोसायचं आणि धाकट्याने थोरल्याची निगा राखायची.

चिंतोपंत

म्हणजे आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत थोरल्या दिरांचं फदफदं करतात तर.

बखरवाली

पंत :))

मूळ मुद्द्यावर येते. कातळवाट, तुमच्या "गादी एकाकडे, देव्हारा दुसऱ्याकडे" वर कोणी बोललंच नाही. हे फक्त उमीच्या बाबतीत झालं का?

कातळवाट

नाही, आणि मला वाटतं सगळ्यात रंजक भाग हाच. 1780 साली म्हातारा राजा कालानिओपुउ याने सरदारांची सभा भरवली. कुठे, तर वाइपिओलाच. त्याने राज्य दिलं मुलाला, किवालाओला. आणि युद्धाचा देव कुकाइलिमोकु दिला पुतण्याला. पुतण्या म्हणजे कामेहामेहा. तोच देव, तेच खोरं, वाटणीही तीच. कालानिओपुउ हा तोच, ज्याने 1779 च्या जानेवारीत कॅप्टन कुकच्या खांद्यावर आपला पिसांचा झगा घातला आणि ज्याला ओलीस धरायला जाऊन पुढच्या महिन्यात कुक मेला.

सभेनंतर लगेच ठिणगी पडली. काउ भागात एका बंडखोर सरदाराचा बळी द्यायचा होता. विधी राजपुत्राने करायचा. किवालाओ डुक्कर आणि फळांचा नैवेद्य दाखवत होता तेवढ्यात कामेहामेहाने पुढे होऊन सरदाराचं प्रेत उचललं आणि स्वतःच अर्पण केलं. देव माझ्याकडे, तर बळीही मीच देणार. 1782 साली मोकुओहाइच्या लढाईत किवालाओ मारला गेला.

आता हे सांगा: लिलोआने जे केलं त्याची नक्कल कालानिओपुउने मुद्दाम केली की कामेहामेहाच्या भाटांनी जुन्या कथेला नव्याच्या मापाने शिवलं? मी पहिल्या बाजूचा. 1780 ची सभा पाहिलेली माणसं पुढे कित्येक वर्षं जिवंत होती.

बखरवाली

सभा झाली हे कोण नाकारतंय? मी म्हणते उलटं बघा. 1782 नंतर उमीची गोष्ट रोज सांगण्यात कोणाचा फायदा होता? जी कथा आपण डेव्हिड मालो आणि सॅम्युएल कामाकाउ या एकोणिसाव्या शतकातल्या हवाईयन इतिहासकारांच्या लेखणीतून वाचतो ती त्यांनी कामेहामेहाच्या वंशजांच्या राज्यात बसून लिहिली. कथा जुनी असेल, पण तिच्यातले कोणते प्रसंग ठळक राहिले आणि कोणते पुसट झाले, हे त्या राज्याने ठरवलं. धाकट्या पातीचा, देव बाळगणारा, नालायक वारसाला मारणारा. कामेहामेहाला याहून चांगला पूर्वज मिळाला असता का?

मौजे_बुद्रुक

दोघांचंही बरोबर असू शकतं. पण कामेहामेहाने पुढे काय केलं ते बघा, म्हणजे उमीचा धडा त्याने किती गिरवला ते कळेल. त्याच्या पुष्कळ बायकांत सर्वात लाडकी आणि राजकारणात वजनदार होती काआहुमानु. पण गादीचे वारस झाले ते केओपुओलानीच्या पोटी.

केओपुओलानी कोण? मारल्या गेलेल्या किवालाओची मुलगी. तिची आई लिलिहा आणि बाप किवालाओ, दोघांची आई एकच: माउईच्या राजघराण्यातली कालोला. आणि लिलिहाचा बाप केओउआ, म्हणजे कामेहामेहाचाही बाप. थोडक्यात, बायको नात्याने त्याची पुतणी की भाची विचाराल तर दोन्ही. चुलतभावाची मुलगी आणि सावत्र बहिणीची मुलगी. दर्जा इतका उंच की सगळी बेटं जिंकलेला हा माणूस तिच्यासमोर गुडघ्यांवर जायचा असं सांगतात. तिची मुलं लिहोलिहो आणि काउइकेआओउली, म्हणजे दुसरा आणि तिसरा कामेहामेहा. बापापेक्षा मुलांचा दर्जा मोठा!

उमी-कापुकिनीचीच चाल, तीनशे वर्षांनी.

नवखा_वाचक

पहिलाच प्रतिसाद, चुकलं तर सांभाळून घ्या. कामेहामेहाचा खरा बाप माउईचा राजा काहेकिली होता असं एका ठिकाणी वाचलं. मग ही सगळी ओळच चुकते ना?

कातळवाट

स्वागत! ओळ चुकत नाही, कारण त्यांच्याकडे दोन बाप असणं हा दोष नव्हता. अशा मुलाला पोओलुआ म्हणायचे आणि दोन्ही घराण्यांत त्याचा हक्क धरला जायचा. काहेकिली म्हणजे अर्धं अंग काळं गोंदवून घेतलेला तो माउईचा राजा. कामेहामेहाच्या बाजूने उभे राहिलेले जुळे भाऊ कामेएइआमोकु आणि कामानावा हे काहेकिलीचे सावत्र भाऊ, त्याने पाठवलेले, असं सांगतात. हवाईच्या राजचिन्हावर दोन बाजूंना उभे आहेत ते हेच जुळे. आपल्याला "खरा बाप कोणता" हा प्रश्न पडतो. तिथे प्रश्न असायचा, कोणकोणती घराणी याला आपला म्हणतात.

कामेहामेहाचा सर्वात थोरला मानला जाणारा मुलगा पाउली काओलेइओकू, हाही पोओलुआच. कालानिओपुउचा की कामेहामेहाचा, दोन्ही दावे. त्याची नात बर्नीस पाउआही, जिच्या नावाने नवऱ्याने 1889 मध्ये बिशप संग्रहालय काढलं.

चिंतोपंत

आणि इथे सातारा-कोल्हापूर कोणी आणायचं नाही, आधीच सांगून ठेवतो. मागच्या वेळी त्याच वळणावर धागा बंद पडला होता.

होनोलुलूकर

वंशावळीवरून भांडणं एकोणिसाव्या शतकातही थांबली नाहीत. 1874 साली गादी रिकामी झाली आणि राजा निवडायचा होता. एका बाजूला डेव्हिड कालाकाउआ, दुसरीकडे राणी एमा. एमा कामेहामेहाच्या सख्ख्या भावाच्या वंशातली, पण आजोबा इंग्रज खलाशी जॉन यंग. कालाकाउआ कामेहामेहाच्या सल्लागार सरदारांच्या वंशातला. विधिमंडळात 39 विरुद्ध 6 मतांनी कालाकाउआ जिंकला आणि एमाच्या लोकांनी न्यायालयाच्या इमारतीत घुसून आमदारांना बदडलं. शेवटी बंदरातल्या अमेरिकन आणि ब्रिटिश जहाजांवरून सैनिक उतरवावे लागले. वर्तमानपत्रांतून पुढे कित्येक वर्षं कोणाची आजी कोण यावर चिखलफेक चालू होती.

कालाकाउआने मग सरकारी खर्चाने वंशावळ मंडळ नेमलं, आणि 1889 मध्ये कुमुलिपो छापून घेतलं. दोन हजारांहून जास्त ओळींचं हे सृष्टीच्या उत्पत्तीचं पठण. आरंभी अंधार, मग पोवळं, मासे, पक्षी, मग देव आणि माणसं, आणि शेवटी शेकडो जोडप्यांची यादी थेट एका राजपुत्राच्या जन्मापर्यंत. तो राजपुत्र कालानिनुइइआमामाओ, केआवेचा मुलगा, आणि कालाकाउआचा पूर्वज. ज्याची वंशावळ हलकी म्हणून हिणवलं त्याने उत्तर दिलं ते पोवळ्यापासून सुरू करून.

अवांतर: हाच कालाकाउआ 1881 च्या जगप्रवासात कलकत्त्याहून आगगाडीने मुंबईला आला होता आणि तिथून बोटीने सुएझकडे गेला.

शेवंती

मुंबईत आला होता?! यावर वेगळा धागा काढा प्लीज.

गणिती_काका

एक शेवटची शंका. सगळे केआवेनुइच्या, म्हणजे सावत्र बहिणीच्या मुलाच्या शाखेबद्दल बोलताय. माउईच्या पिइकेआपासून झालेली मुलं कुठे गेली?

कातळवाट

काका, हा प्रश्न कोणी विचारेल याचीच वाट बघत होतो. पिइकेआचा मुलगा कुमालाए. त्याला हिलोकडचा भाग मिळाला. त्याचा मुलगा माकुआ, माकुआचा मुलगा ई. या ई घराण्याने हिलोत असा जम बसवला की कोनाच्या राजांना पुढे कितीतरी पिढ्या त्यांच्याशी जमवून घ्यावं लागलं. लढून जमेना तेव्हा सोयरीक केली. ईचा मुलगा अहू, त्याची मुलगी लोनोमाआइकानाका. ती दिली राजा केआवेला. त्यांचा मुलगा म्हणजे आत्ताच होनोलुलूकरांनी सांगितलेला कुमुलिपोवाला राजपुत्र, त्याचा मुलगा कालानिओपुउ, त्याचा किवालाओ, त्याची केओपुओलानी.

कामेहामेहा मात्र केआवेच्या दुसऱ्या बायकोच्या शाखेतला. ती कालानिकाउलेलेइआइवी, केआवेची एका आईची सावत्र बहीण. म्हणजे कापुकिनीकडची ओळ कामेहामेहातून आली, पिइकेआकडची केओपुओलानीतून, आणि दोन्ही एकत्र झाल्या 1797 साली जन्मलेल्या लिहोलिहोत. उमीच्या दोन्ही सासऱ्यांचा हिशेब तिथे जुळला.

गणिती_काका

जुळला. पण त्या एका सासऱ्याचं नाव लिलोआ, म्हणजे स्वतःचाच बाप. हे तक्त्यात दाखवायचं कसं ते सांगा, माझी रेघ फिरून तिथेच येतेय.